म्हशीच्या पोटातली बुरशी

९ जानेवारी
गंजीच्या तळातल्या चार पेंढ्या ओल लागून काळ्या पडल्यात. आई म्हणाली, “बुरशी धरलीय, टाक उकिरड्यावर.” टाकल्या. म्हशीच्या पोटात दुसरीच एक बुरशी नांदते आणि कडबा पचवायला तीच मदत करते, हे सांगितलं. “कायतरीच तुझं!”

१० जानेवारी
आईचं काय चुकलं? जाणत्यांनाही साठहून जास्त वर्षं पटलं नव्हतं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले शेपटीवाले सूक्ष्म जीव लीबेटान्झ नावाच्या संशोधकानं १९१० सालीच नोंदवले. पण बुरशीला हवा लागतेच, हे पक्कं ठरलेलं, म्हणून त्यांना आदिजीवांत ढकललं. पुढे इंग्लंडात कॉलिन ऑर्पिन या संशोधकाला दिसलं, की मेंढीनं चारा खाल्ला की थोड्याच वेळात हे जीव भराभर वाढतात. इतक्या लवकर वीण होईल कशी? ते चाऱ्याला चिकटलेल्या पिशव्यांतून सुटत होते. बीजाणूच ते! १९७५ साली त्यानं हे मांडलं. नंतर त्यांच्या पेशीभित्तिकेत बुरशीत असतं ते कायटिनही सापडलं, खेकड्याच्या कवचात असतं तेच.

१२ जानेवारी, रविवार
वजडी आणायला गेलो. खाटकानं बोकडाचं पोट उलटं करून झटकलं. हिरवा चोथा, आंबूस वाफ. एरवी नाक दाबलं असतं, आज वाकून पाहिलं. (दिसणार काय, कपाळ!) जिवंत जनावराच्या पोटात ३९ अंशांच्या आसपास ऊब आणि हवा जवळजवळ नाहीच. बीजाणू काडीला चिकटतो, मुळांसारखे तंतू आत घालतो आणि पाचर ठोकावी तशी काडी फोडतो. त्या भेगांतून जिवाणू आत शिरतात. या बुरशीत मायटोकाँड्रिया नाहीत. त्यांच्या जागी असलेल्या पिशव्या हायड्रोजन सोडतात, तो खाऊन दुसरे सूक्ष्मजीव मिथेन करतात आणि म्हैस तो ढेकरेवाटे बाहेर टाकते. लोक उगाच मागच्या बाजूला बोट दाखवतात.

१३ जानेवारी
पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या मंडळींनी शेळीच्या पोटातून अशीच एक नवी बुरशी वेगळी केली; २०१८ साली तिचं नाव ठेवलं लीबेटान्झोमायसीस. ज्यानं पाहिलं पण ओळखलं नाही, त्या लीबेटान्झचंही नाव राहिलं. बरं वाटलं.

१५ जानेवारी
रेडकू ही बुरशी घेऊन जन्मत नाही. आईच्या लाळेतून, शेणातून ती त्याच्या पोटात जाते. आमचं आज अठरा दिवसांचं झालं. सकाळी गव्हाणीतली म्हशीची उष्टी काडी चघळत होतं. आई ओढून काढायला निघाली, मी तिचा हात धरला.