आत्याची कळ

आत्याच्या गालातली कळ आमच्या साताऱ्याच्या वाड्यात सगळ्यांच्याच मालकीची होती. 1970 चं दशक ते. उजव्या जबड्यात सणक उठायची, क्षणात जायची, पुन्हा यायची. निमित्त कसलंही चाले: वाऱ्याची झुळूक, राखुंडी, भाताचा घास. ती ओसरीवर आली की कुणीतरी न सांगता वाऱ्याकडचं दार लोटून घ्यायचं. तिची पेज वेगळी, कोमट, चांगली घोटलेली. आजी सहाणेवर सुंठ-वेखंड उगाळायची. दाताच्या डॉक्टरांनी दाढेचं दुखणं समजून एकेक करत चांगल्या दाढा काढल्या. कळ जागची हलली नाही.

खरं तर औषध तेव्हाही होतं. फेफऱ्यावरचं कार्बामाझेपिन या दुखण्यात चालतं, हे 1962 मध्येच दिसून आलं होतं. वाड्यात मात्र ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हे नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं.

आता तेच दुखणं मावसबहिणीला आहे. एमआरआयमध्ये दिसलं, मेंदूच्या तळाशी एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या मज्जातंतूला घासतेय. कार्बामाझेपिनचा डोस वाढवला की चक्कर, कमी केला की सणक. मग डॉक्टरांनी जोडीला बॅक्लोफेन दिलं. स्नायू सैल करणारी गोळी! मणक्याला मार बसलेल्यांचे आखडलेले पाय सैल करायला देतात ती. "माझ्या गालात काय आखडलंय?" तिनं विचारलंच. काहीच नाही. ही गोळी थेट स्नायूवर नाही, मज्जासंस्थेवर काम करते. गाबा-बी नावाच्या ग्राहींमार्फत मज्जापेशींची धांदल आवरते. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं ती घडवली तीही मुळात फेफऱ्यासाठीच. पुढे गेरहार्ड फ्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती या कळेवर वापरून पाहिली. 1984 च्या चाचणीत 10 रुग्णांपैकी 7 जणांचे झटके घटले. एवढ्याशा पुराव्यावर पहिला मान मिळत नाही; तो अजून कार्बामाझेपिनकडेच आहे.

गोळी थोडक्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायची. झोप येते, अंग गळून जातं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर आणखी जपून. आणि मनानं एकदम बंद तर मुळीच करायची नाही. भास होतात, फिटही येऊ शकते.

बहीण आज भर वाऱ्यात गॅलरीत बसून कुल्फी खाते. घरातल्यांना तिच्या गालाची आठवणही नसते, आणि असंच असावं. तरी त्या घोटलेल्या पेजेसाठी माझा जीव अजून थोडा तुटतो. दाढांच्या हिशेबात ती फार महाग पडली, हे कळत असूनही. बहिणीला असलं हळवेपण परवडत नाही. प्रवासाला निघताना ती बॅक्लोफेनची एक पट्टी पर्समध्ये ठेवते, दुसरी बॅगेत आणि तिसरी नवऱ्याच्या खिशात.