ठकीची सोयरीक

पत्रिकेवरून मी घरात आजवर तीनदा बोलणी खाल्ली. मेव्हणीच्या लग्नात, पुतण्याच्या लग्नात आणि ठकीच्या सोयरिकीत. पहिल्या दोन वेळी ‘कसली आलीय पत्रिका!’ म्हणालो म्हणून, आणि तिसऱ्या वेळी पत्रिकेशिवाय पुढचं बोलायचंच नाही म्हणालो म्हणून. ठकी ही आमची लॅब्राडोर कुत्री. तिच्या आईच्या वेळी मी पत्रिका पाहिली नव्हती.

आधी माझ्या अडाणीपणाची इयत्ता सांगितली पाहिजे. मंचरला मी एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं. दर वर्षी फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढले. उंच रोप, बुटकं रोप. पहिल्या पिढीत सगळी उंच आणि त्यांच्या पोटी चारांत एक बुटकं. मधल्या पिढीत बुटकेपणा जातो कुठं? कुठं जात नाही, गप्प बसून राहतो. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की शाळेचा शिपाई ते खिडकीबाहेरून पुरं करायचा. मेंडेलबाबांनी हे 1866 साली छापलं आणि 1900 सालापर्यंत जगानं त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. यावरून मी वर्गात जगाला फार नावं ठेवायचो.

राणी, म्हणजे ठकीची आई, तीन वर्षांची झाली तेव्हा तिला स्थळ चालून आलं. मुलगा पिवळाधमक, अंगापिंडानं भरलेला, आणि चौकशी करता राणीचा सख्खा आतेभाऊ निघाला. आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची! सौ.नं तर ‘घरातल्या घरात झालं, बरं झालं’ म्हणून त्याला ओवाळलं. राणीच्या पहिल्याच वेतात आठ पिल्लं झाली. ठकी ठेवली आणि बाकीची सात मी मोठ्या दानशूरपणे वाटली: नारायणगाव, ओतूर, आळे, कळंब, शिनोली, घोडेगाव आणि एक इथंच, मंचरात. पैसे घेतले नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचो, ‘विद्या आणि पिल्लू विकू नये.’

आता आमच्या भागाबद्दल दोन शब्द. जुन्नर-आंबेगावात ऊस आहे, म्हणून बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. कुत्र्यांना निवारा म्हणजे ज्याचा त्याचा ओटा. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांचा आहार शोधला, तर त्यातला 39 टक्के भाग कुत्र्यांचा निघाला. त्यामुळे दिवेलागणीनंतर जे कुत्रं घराबाहेर पडत नाही, ते इकडं हुशार समजलं जातं. राणी पाच वर्षांची झाली आणि अशी हुशार झाली. अंधार पडला की ओट्यावरून हलायची नाही. वर्षभर मी आल्यागेल्याला हे कौतुकानं सांगितलं. ‘बिबट्याचा वास येतो तिला,’ असं ठोकून द्यायचो.

एका संध्याकाळी सौ.नं तुळशीची कुंडी दोन हात सरकवली. राणी तिच्यावर धाडकन आपटली.

आमच्या डॉक्टरीणबाई माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी राणीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. मग खोलीतला दिवा मालवला आणि वाटेत एक स्टूल ठेवून मला पलीकडून हाक मारायला सांगितली. राणी माझ्या हाकेसरशी धावत निघाली आणि स्टुलावर आदळली. दिवा लावून पुन्हा हाक मारली, तर स्टुलाला वळसा घालून सरळ आली. बाई म्हणाल्या, “सर, डोळ्याचा मागचा पडदा वाळत चाललाय. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दिवसाचं. यावर औषध नाही.” मग गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून त्यांनी ती प्रयोगशाळेकडे पाठवली. कुत्र्याची अख्खी जनुकीय कुंडली 2005 सालीच वाचून झाली आहे, ताशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीची. तेव्हापासून अशा चाचण्या वाढत गेल्या. रक्कम ऐकून सौ. म्हणाली, एवढ्यात माणसाचे दात झाले असते.

उत्तर तीनांपैकी एक येतं: निर्दोष, वाहक किंवा बाधित. निर्दोष आणि बाधित मला लगेच कळलं. वाहकावर अडलो, कारण आयुष्यभर हा शब्द मी एस.टी.तच वाचला होता. पण शब्द मोठा नेमका आहे. वाहक स्वतः गाडी चालवत नाही, त्याला काही होत नाही, तो फक्त तिकीट पुढं फाडून देतो. दोन्ही बाजूंनी तिकीट मिळालं की पिल्लाचा प्रवास अंधाराकडे सुरू.

राणी बाधित निघाली.

“तिचा जोडीदार कोण होता, सर?”

“तिचा आतेभाऊ.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “सर, वाटाणे तुम्हीच शिकवलेत ना मला?”

एकोणतीस वर्षांत एवढ्या हळू आवाजात माझा कान कुणी पिळला नव्हता. आजोबा-आजीकडचा एकच दोष राणीच्या बापानं आणि आत्यानं वाटून घेतला असणार आणि आम्ही ओवाळून तो पुन्हा एकत्र आणला असणार. राणी बाधित म्हणजे आठही पिल्लांना तिच्याकडून एक तिकीट मिळालेलंच. बापही वाहक असेल, तर निम्म्यांना दुसरंही. आणि हे सगळं त्या पिवळ्याधमक पोराची एक काडी फिरवून आधीच कळलं असतं. सगळंच काडीनं कळतं असंही नाही हं. लॅब्राडोरच्या खुब्यांचा दोष पाहायला एक्स-रेच काढावा लागतो. कुत्री दीड वर्षाची होईतो तिची जोडी लावू नये, तिला जन्मात पाचांवर वेतं होऊ देऊ नयेत, असे 2017 सालचे केंद्राचे नियमही पैदास करणाऱ्यांसाठी आहेत. मला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

त्याच पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. गल्लीतली कुत्री एकदम ओरडली आणि पांगली. राणीही कशी कोण जाणे ओट्यावरून खाली उतरली होती. ती इतरांमागं पळाली असती तर वाचली असती. पण कुणीकडे पळायचं ते दिसायला हवं ना. सकाळी उसाच्या कडेला तिचा पट्टा मिळाला. तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

एवढं सगळं पोटात ठेवून बसलो होतो, तोवर ठकीला जुन्नरहून स्थळ आलं. मुलाचं नाव शेरा. मालक द्राक्षबागायतदार, दिलदार माणूस. येताना पेटीभर द्राक्षं, शेराच्या खापरपणजोबापर्यंतची वंशावळ आणि एका प्रदर्शनातला करंडक घेऊनच आले.

मी म्हटलं, “चाचणीचा कागद?”

“सर, हे एवढे कागद काय आहेत मग?”

“यात नावं आहेत. डोळे नाहीत.”

सौ. आतून खाकरली. हे बोलणं खाण्याच्या आधीचं खाकरणं मी ओळखतो. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. “अण्णा, द्राक्षाची लागण करताना खुंट कोणता ते विचारता की नाही?”

“विचारतो की! न विचारता लावीन काय? डॉगरिज.”

“मग वेलाला विचारता ते डॉगला विचारायला काय हरकत आहे?”

अण्णा इतके हसले की चहा बशीतून सांडला. शर्यतीचा बैल घेताना आमची माणसं त्याच्या आजीपर्यंत जाऊन चौकशी करतात. पण कुत्रं मात्र रंग बघून आणतात. हसता हसता अण्णांनी शेराची काडी द्यायला होकार दिला. ठकीची दिलेलीच होती.

दोन्ही कागद एकाच आठवड्यात आले. ठकी वाहक. शेरा वाहक.

सोयरीक मोडली म्हणायला माझी जीभ उचलेना. अण्णांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे चारांत एक. आठ झाली तर दोनच, तेही सरासरीनं. सहा तर धड निघतील, सर! एवढं कुठं बघत बसायचं?”

मला राग आला नाही. कुणी चाचणी करून मला हेच सांगितलं असतं, तर मीही असाच हिशेब केला असता. मी उठलो, कपाटातून राणीचा पट्टा काढला आणि त्यांच्या करंडकाशेजारी ठेवला. काय झालं ते सांगितलं. अण्णांनी करंडक पिशवीत घातला. जाताना शेराच्या आधीच्या एका वेताची गोष्ट काढली आणि डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर लिहून घेतला. ठकीसाठी निर्दोष मुलगा चालेल, त्यातून आंधळं पिल्लू होणार नाही, असं बाईंनी सांगितलंय. सौ. स्थळं बघते आहे. हुंडा म्हणून चाचणीचा खर्च वधूपक्षानं करायचा, असं आमचं ठरलंय.

राहिला माझा दानशूरपणा. सात घरं. लग्नाचं आमंत्रण देत फिरावं तसा मी गेले तीन रविवार फिरतो आहे, फक्त हातात अक्षता नाहीत, काड्या आहेत. नारायणगावच्या घरी मला खुळ्यात काढलं. ओतूरला जेवूनच सोडलं आणि काडी दिली. आळ्यातलं पिल्लू मुंबईला गेलं होतं, त्याचा पत्ता घेतला. काल घोडेगावला गेलो. पोचेपर्यंत अंधारलं होतं. ओट्यावर म्हातारी बसलेली आणि पायाशी आमच्या राणीचं लेकरू, तसंच पिवळंधमक.

“फार शहाणं आहे बघा, मास्तर,” म्हातारी म्हणाली. “दिवे लागले की ओट्यावरनं पाऊल खाली टाकत नाही. बिबट्याचं समजतंय त्याला.”

मी चपला काढल्या, ओट्यावर टेकलो आणि पाणी प्यालो. मग म्हटलं, “आजी, तेवढा बाहेरचा दिवा मालवता का? आणि घरात एखादं स्टूल आहे?”