सेमिस्टर सोडताना

अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आजारी पडायचं तरी रीतसर पडावं लागतं, हे मला एम.एस.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. झोप पार उडाली होती. असाइनमेंट उघडायची, पहिली ओळ वाचायची आणि लॅपटॉप मिटायचा, यातच दिवस जायचा. त्यात नोव्हेंबर. घड्याळं तासभर मागे सरकतात आणि मिडवेस्टात संध्याकाळी पाचच्या सुमारासच अंधारून येतं. कौन्सेलिंग सेंटरमधल्या बाईंनी ‘लीव्ह ऑफ अ‍ॅबसेन्स’चा विषय काढला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आलं ते तासगावचं घर. माझ्या शैक्षणिक कर्जाला तेच तारण होतं.

रूममेटनं सोपा मार्ग सांगितला, “कोर्स ड्रॉप कर, तिकीट काढ, सुट.” नशीब, त्याआधी मी इंटरनॅशनल ऑफिसात डोकावलो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना पूर्ण क्रेडिट्स घेणं बंधनकारक असतं. परवानगीशिवाय कोर्स सोडले, तर तो स्टेटसचा भंग ठरतो. आधी तिथल्या सल्लागारानं सेविस या सरकारी यंत्रणेत नोंद करायची, मग आपण कोर्स सोडायचे आणि त्यानंतर 15 दिवसांत देश सोडायचा, असा हा क्रम. डॉक्टरांनी लिहून दिलं, तर तिथंच राहून क्रेडिट्स कमी करता येतात, अगदी शून्यावरही आणता येतात. एका पदवीसाठी ही सवलत एकूण 12 महिने मिळते. पण भाडं भरत, त्याच खोलीत, एकट्यानं बरं व्हायचं हे मला झेपणारं नव्हतं, म्हणून घरी यायचं ठरवलं. फी परत मिळायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. खोली सबलेट केली, तीही पडत्या भाड्यात.

मुंबईहून घरी येईपर्यंत बाबांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र चहा पिता पिता म्हणाले, “व्याज थांबतं का रे या काळात?” मला राग यायला हवा होता, पण उलट बरं वाटलं. माझ्या भीतीबद्दल निदान कुणीतरी आकड्यात बोलत होतं. आम्ही बँकेत गेलो. व्याज थांबत नाही, असं मॅनेजरनी स्वच्छ सांगितलं. हप्ते कोर्स संपल्यावर वर्षानं सुरू होणार होते आणि आजारपणामुळे कोर्स लांबला, तर विद्यापीठाच्या पत्रावर जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकत होती. बाबांनी ते सगळं लेखी मागितलं. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केलेला माणूस. तोंडी आश्वासनावर त्यांचा विश्वास नाही.

आईचा प्रश्न वेगळा होता. गल्लीत काय सांगायचं? तिनं परस्पर ठरवून टाकलं, “डोळे दाखवायला आलाय मिरजेला.” मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. दाखवायला मी मिरजेलाच जात होतो, फक्त डॉक्टर डोळ्यांचे नव्हते. या खोट्याबद्दल मी तिच्याशी भांडलो नाही. बरा होत असताना सगळ्या गल्लीचं प्रबोधन करायची जबाबदारी आजाऱ्यावर कशाला?

काकांच्या द्राक्षबागेत तेव्हा विरळणीचे दिवस होते. बायका झपाझप घड मोकळे करायच्या आणि माझी एक ओळ दुपारपर्यंत संपायची नाही. बागेनं मला बरं केलं असं लिहायचा मोह होतो, पण बरं केलं ते गोळ्यांनी आणि डॉक्टरांनी. बागेनं दिवस ढकलायला मदत केली, एवढंच.

परतीचे कागद जाण्याच्या कागदांपेक्षा जास्त निघाले. पाच महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यामुळे जुनी सेविस नोंद संपली होती. नवा आय-20, म्हणजे विद्यापीठाचा प्रवेशाचा दाखला, आला, सेविसची 350 डॉलरची फी पुन्हा भरली आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसासाठी पुन्हा रांग लावली. अधिकाऱ्यानं विचारलं, मध्येच का आलात? आजारी होतो, आता बरा आहे, म्हणालो. डॉक्टरांचं पत्र पुढे केलं, त्यानं ते उघडलंही नाही.

मला खरा धक्का देऊ शकणारी गोष्ट वेगळीच होती. शिक्षणानंतर काम करायची मुभा, म्हणजे ओपीटी, मिळवायला एक पूर्ण शैक्षणिक वर्ष भरावं लागतं आणि एवढ्या खंडानंतर ते वर्ष नव्यानं मोजतात. माझी दोन सेमिस्टर शिल्लक होती म्हणून निभावलं. ज्याचं एकच सेमिस्टर उरलंय, त्यानं विमानात बसण्याआधी हा हिशेब सल्लागारासमोर बसून करावा. आणि कोर्स ड्रॉप करायचं बटण त्या भेटीनंतरच दाबावं.

पदवीच्या प्रमाणपत्रावर त्या रजेचा उल्लेख नाही. ट्रान्सक्रिप्टवर एका सेमिस्टरपुढे ओळीनं ‘डब्ल्यू’, म्हणजे कोर्स सोडल्याच्या खुणा, आहेत. मुलाखतीत त्याबद्दल मला एकदाच विचारलं गेलं. त्या महिन्यांचं व्याज मुद्दलात मिळवलं गेलं आणि ते मी अजून फेडतोय.