समिती यायची होती तेव्हा

गावानं स्वच्छतेच्या स्पर्धेत नाव घातलं आणि आमच्या घरातल्या पुरुषांच्या हाती पहिल्यांदाच खराटा आला. साल २०००-०१. आर. आर. आबा तेव्हा ग्रामविकासमंत्री. संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान त्यांनीच काढलेलं. आम्ही आबांच्याच सांगली जिल्ह्यातले, मागं राहून कसं चालेल?

देवळाच्या कर्ण्यावरून हाक आली की अण्णा, काका, थोरला दादा खोरी-घमेली घेऊन निघत. वेशीतला उकिरडा किती जुना, कुणालाच ठाऊक नव्हतं. तो ट्रॉल्या भरभरून शेतात गेला. मोऱ्यांचं पाणी बोळातून वाहायचं, त्यासाठी दारोदार शोषखड्डे निघाले. आम्हा पोरांकडे पिंपळाचा पार. त्याला चुना, कडेनं गेरूचा पट्टा. निम्मा गेरू आमच्याच अंगावर.

गाव तपासायला येणारी समिती स्वयंपाकघरातही डोकावणार होती. पिण्याच्या पाण्यात हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचं ओगराळं आलं. आजीनं ते माठाशेजारी टांगलं आणि पाणी फुलपात्रानंच घेत राहिली.

खरी लढाई संडासाची. आजोबांनी तरुणपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं. बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला उलटसुलट प्रश्न विचारायचे, हे ते आम्हाला हौसेनं सांगत. पण घरात संडास म्हटल्यावर कडाडले, "जेवायचं तिथंच हागायचं?" शेवटी परड्यात बांधला. पुरुषमंडळींनी महिनाभर त्यात सरपण रचलं. आई आणि काकूनं एका दुपारी, कुणाला न विचारता, ते बाहेर काढलं. अंधार पडायची वाट बघणं काय असतं, ते त्यांनाच माहीत होतं.

श्रमदान हा शब्द त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होता. काकू तर लग्न होऊन आली तेव्हापासून रोज पहाटे अर्धा बोळ झाडून सडा घालायची. त्याला श्रमदान कुणी म्हटलं नाही. काकांनी दर रविवारी खराटा धरला, तर त्यांचा फोटो ग्रामपंचायतीत लागला! आम्हाला तेव्हा त्या फोटोचा अभिमानच वाटला, हेही खरं.

तालुक्यात नंबर आला. सत्कारात काकांना फेटा बांधला, ते वाजतगाजत घरी आले. काकूनं ओवाळलं, तोंडात पेढा घातला आणि म्हणाली, "अहो, फेटा सोडा आता. परडं राहिलंय झाडायचं."