शिबपूरचा वड

आमच्या गावाच्या वेशीवर एक जुना वड आहे. त्याच्या पारंब्यांना लोंबकळण्यात आम्हा मुलांचे बालपण गेले. दर ज्येष्ठी पौर्णिमेला माझी आजी पूजेचे ताट घेऊन त्याच्याकडे जाई, त्याच्या बुंध्याला सूत गुंडाळी आणि पारावर बसलेल्या आम्हा पोरांच्या हातांवर आंब्याची एकेक फोड ठेवी. पण १९९४ सालच्या चैत्रात आजोबा गेले आणि त्या ज्येष्ठात आजी वडाकडे गेली नाही. पुढे तर शेतावर जाताना ती वडाजवळचा रस्ता टाळून ओढ्याकाठच्या लांबच्या वाटेने जाऊ लागली. मी तेव्हा सातवीत होतो. असे का, हे तिला विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

माझे धाकटे काका हावड्याला रेल्वेत नोकरीस होते. आजीच्या मनाला थोडा पालट मिळावा म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी तिला आणि मला तिकडे नेले. हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर हावडा आणि पूर्व तीरावर कोलकाता, अशी ही जोडशहरे आहेत. हुगळी हा गंगेचाच एक फाटा. पहिल्या दिवशी आजीने भक्तिभावाने गंगास्नान केले. त्यानंतर मात्र ती घराच्या खिडकीशी नुसती बसून राही. शेवटी एका रविवारी काका म्हणाले, "आई, चल. तुला शिबपूरची बाग दाखवतो."

बाग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कारंजी आणि फुलांचे ताटवे आले होते. येथे पाहावे तो सर्वत्र वृक्ष! नदीच्या काठाने सुमारे २७० एकरांवर ही बाग पसरली आहे. वाटांच्या दोन्ही बाजूंना उंच झाडांच्या रांगा, मधूनमधून तळी, आणि त्यांवरून वाहणारा दमट वारा. शहर कोठे संपले आणि अरण्य कोठे सुरू झाले, ते कळलेच नाही.

चालता चालता काका माहिती सांगत होते. १७७० साली बंगालात भयंकर दुष्काळ पडला. अन्नावाचून असंख्य माणसे मेली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट किड नावाच्या अधिकाऱ्याने कंपनीला सुचवले, की दुष्काळात उपयोगी पडतील अशी झाडे परदेशांतून आणून येथे वाढवावीत. त्याप्रमाणे १७८७ साली ही बाग सुरू झाली. कंपनीचा स्वार्थही त्यात होताच. जहाजांसाठी तिला सागाचे लाकूड हवे होते. पण साग काही या सखल जमिनीत नीट वाढला नाही. महोगनीचे झाड मात्र १७९५ साली वेस्ट इंडीज बेटांतून येथे आले आणि रुजले. त्यानंतर विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची दोन हजारांहून अधिक रंगीत चित्रे काढवून घेतली.

एका तळ्यात परातीएवढी गोल पाने तरंगत होती. त्यांच्या कडाही परातीसारख्याच वर वळलेल्या होत्या. ते दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातले महाकमळ होते. पुढे एक अजब झाड लागले. त्याच्या एका पानासारखे दुसरे पान नव्हते. एक लांबट, दुसरे गोल, तिसरे फाटल्यासारखे. "याला येथे वेडे झाड म्हणतात," काका म्हणाले.

आजी त्या झाडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वेडे कशाने? एका घरातली माणसे तरी कुठे सारखी असतात?"

कितीतरी दिवसांनी ती आपणहून काही बोलली होती. काकांना बरे वाटले असावे. ते उत्साहाने म्हणाले, "आता येथला प्रसिद्ध वड पाहू."

आजी जागीच थांबली. "तुम्ही पाहून या," ती म्हणाली, "मी इथे बाकावर बसते."

काका तिच्यापाशी थांबले आणि मी एकटाच पुढे गेलो. दुरून मला वड दिसेना. दिसले ते एक दाट रान. जवळ गेल्यावर कळले, की ते सारे रान म्हणजे एकच झाड आहे! पारंब्या जमिनीत शिरून त्यांचे खांब झाले होते आणि त्या खांबांवर हिरवे छत पसरले होते. मी खांब मोजू लागलो; शंभराच्या पुढे चुकलो, पुन्हा मोजू लागलो, पुन्हा चुकलो. अशा पारंब्या येथे हजारोंनी आहेत. मग वाटले, या सर्वांचे मूळ खोड तरी शोधावे. ते केवढे प्रचंड असेल! पुष्कळ फिरलो, पण खोड सापडेना.

एक वृद्ध माळी तेथे काम करीत होता. त्याला मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले. तो हसला आणि त्याने आत बोट दाखवले. "खोड तिथे होते. आता नाही," तो म्हणाला. १८६४ आणि १८६७ साली मोठी चक्रीवादळे झाली. त्यांत वडाच्या फांद्या मोडल्या. जखमांतून बुरशी शिरली आणि खोड कुजू लागले. कीड साऱ्या झाडात पसरू नये म्हणून १९२५ साली ते खोड कापून काढावे लागले. त्याचा घेर सुमारे पन्नास फूट होता.

मी धावतच बाकाकडे आलो. "आजी, त्या वडाला खोडच नाही!"

"भलतेच काय सांगतोस? खोडावाचून वड कसा उभा राहील?" असे म्हणत ती उठली आणि माझ्यामागून चालू लागली.

वडाखाली येताच ती गप्प झाली. माळ्याने तिलाही ती मोकळी जागा दाखवली. मग त्याने आपले काम दाखवले. वरून लोंबणारी कोवळी पारंबी दोऱ्यासारखी असते. तिला गुरे खातात, माणसे ओढतात, ऊनही सुकवते. म्हणून पोकळ बांबूत माती भरून त्यातून तिला खाली उतरवायचे. एकदा का ती जमिनीला लागली, की जाड होऊ लागते आणि वरच्या फांदीचा भार पेलते.

"खोड जाऊन किती वर्षे झाली म्हणालास?" आजीने मला विचारले.

मी हिशेब केला. "एकोणसत्तर."

तिने वर पाहिले. फांद्यांवर नवी तांबूस पालवी होती. मग ती वाकली, ओंजळभर माती उचलून तिने माळ्याच्या हातातील बांबूत घातली आणि हात न झटकताच उभी राहिली.

गावी परतल्यावर पुढच्या पावसाळ्यात आजी एकदा वेशीजवळच्या रस्त्याने निघाली. आम्ही नेहमीप्रमाणे लोंबकळत होतो. "उतरा खाली!" ती कडाडली. "तुमच्या झोक्यांनी एकही पारंबी जमिनीला लागली नाही. जाऊ द्या त्यांना खाली." दुसऱ्या दिवशी तिने आमच्याकडूनच बांबू पोखरून घेतला, माती भरवली आणि एका पारंबीला तो बांधला. त्या बांबूत रोज सायंकाळी पाणी घालण्याचे काम माझ्याकडे आले.

आज आजी नाही. शिबपूरच्या बागेला २००९ सालापासून आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. २० मे २०२० रोजी अंफान चक्रीवादळाने तेथील शेकडो झाडे पाडली. त्या वडाच्याही अनेक पारंब्या उन्मळून पडल्या. ती बातमी वाचून मला त्या माळ्याची आठवण झाली आणि मन उदास झाले. पण वड उरलेल्या पारंब्यांवर उभाच राहिला.

त्या दिवशी सायंकाळी मी गावच्या वडाकडे गेलो. आजीच्या बांबूतून उतरलेली ती पारंबी आता माझ्या कवेत मावत नाही.