ओला की कोरडा

टू-स्ट्रोक इंजिन चालू होत नसेल तर आधी प्लग काढायचा आणि बघायचं: ओला आहे की कोरडा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगीचं काय ते बघा. कोरडा असेल तर पेट्रोल कुठं अडलंय ते शोधा. हैदराबादच्या मलकपेठेत वाढलेल्या मला हे पाढ्यांच्या बरोबरीने पाठ झालं आणि आजवर उपयोगी पडत आलं आहे.

आमचं घराणं नांदेडचं. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड मुंबई राज्यात गेलं, आजोबांची नोकरी हैदराबादेत राहिली, म्हणून आम्हीही राहिलो. बाबांनी चेतकसाठी नंबर लावला तेव्हा गाडी हातात येईपर्यंत कित्येक वर्षं जायची. पियाजिओशी असलेला करार संपल्यावर बजाजने १९७२ साली स्वतःच्या नावावर काढलेली ही स्कूटर. दीडशे सीसीला जरा कमी, चार गिअर, सगळे डाव्या मुठीत. पुण्याजवळ आकुर्डीला तयार झालेली गाडी म्हणून बाबांना तिचा जास्तच जिव्हाळा. पंपावर पेट्रोलबरोबर ऑईल घालून घ्यावं लागे, लिटरला वीस मिली. ते मोजताना बाबा मापावरची नजर हलवत नसत.

आमच्या गल्लीची सकाळ म्हणजे अशा गाड्यांच्या किका. रेसकोर्सवर घोड्यांचा सराव चालू असायचा, गंज बाजारात नाशिक-सोलापूरकडच्या कांद्याच्या लॉऱ्या खाली होत असायच्या आणि घरोघरी कुणीतरी स्कूटर एका अंगावर कलती करून, चोक ओढून किक मारत असायचं. आवाजावरून कुणाची गाडी पकडली आणि कुणाची नुसतीच फुरफुरली, हे घरात बसून कळायचं.

१९९८च्या सुमारास आमच्या चेतकच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. चालत्या गाडीत रॉड तुटला आणि त्याने क्रँककेसला भोक पाडलं. केस फुटल्यावर दुरुस्तीला काही उरत नाही. बाबा दोन दिवस गप्प होते. मग नलगोंडा चौरस्त्याजवळच्या आमच्या मेकॅनिकने, उस्तादांनीच सुचवलं, दुसरं इंजिन टाकू. जुम्मेरात बाजारात त्यांच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे एका मोडीत निघालेल्या चेतकचं अख्खं इंजिन पडून होतं.

चेतकचं इंजिन उतरवणं हे पाहण्यासारखं काम होतं. एक लांब बोल्ट, मागच्या शॉकअबचा एक बोल्ट, क्लचची, गिअरची, ब्रेकची केबल, कार्ब्युरेटरची जोडणी, चार-पाच वायरी. एवढं सोडवलं की चाकासकट इंजिन खाली येतं आणि सांगाडा हलका होऊन उभा राहतो. उस्तादांनी नवं इंजिन संध्याकाळपर्यंत चढवलं. किक मारली. काही नाही. पोऱ्याने मारली, बाबांनी मारली, मी मारली. पिंडरी भरून आली तरी इंजिन ढिम्म.

बाबांना वाटलं, भंगारच गळ्यात पडलं. उस्ताद मात्र स्टुलावर बसले, चहा मागवला आणि मला म्हणाले, "पैले करंट, फिर पेट्रोल, फिर दम, फिर हवा. नंबर से चलो मियाँ, बीच में से नक्को."

ही चार शब्दांची यादी मी पुढे कुठल्याही यंत्राला लावून पाहिली आहे. त्या दिवशी तिचा अर्थ एकेक पायरी करून कळला. प्लग काढला, ओला. म्हणजे पेट्रोल येत होतं. प्लगला कॅप लावून तो हेडला टेकवला, मी किक मारली, ठिणगी नाही. उस्तादांनी इंजिनातून येणाऱ्या वायरी पाहिल्या आणि एक वायर गाडीच्या वायरिंगपासून सोडवून मोकळी धरली. "मारो." टच्चकन निळी ठिणगी पडली. आमची गाडी जुनी, पॉइंटवाली. आलेलं इंजिन नंतरचं, इलेक्ट्रॉनिक. मॅग्नेटवर चालणारी अशी इंजिनं बंद करायची म्हणजे करंट जमिनीला जोडून द्यायचा. दोन्हींच्या वायरिंगचा मेळ नसल्यामुळे गाडी चालू करायच्या आधीच बंद केलेली होती. "इंजन में कुछ नै हुआ साब, करंट जमीन में जारा," उस्ताद बाबांना म्हणाले. बाबांचा चेहरा त्या क्षणी सुटला.

पण गोष्ट तिथं संपली नाही. इंजिन पकडलं, आपोआप चढत्या आवाजात पळालं आणि विझलं. चोक ओढला की थोडं टिकायचं, चोक सोडला की जायचं. करंट होता, पेट्रोल होतं, किकेला दमही, म्हणजे कॉम्प्रेशन, चांगला लागत होता. उरली हवा.

टू-स्ट्रोकचं खरं मर्म इथं आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. आधी खाली क्रँककेसमध्ये शिरतं. पिस्टन खाली आला की तिथं दाबलं जातं आणि बाजूच्या वाटेने वर चढतं. म्हणजे क्रँककेस हासुद्धा एक पंपच. तो हवाबंद नसेल तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि वरचं सगळं नवं बसवलं तरी उपयोग होत नाही. ही हवा अडवतात क्रँकच्या दोन टोकांची दोन ऑईल सील. पडून राहिलेल्या इंजिनात सर्वांत आधी तीच जातात. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मॅग्नेट काढून त्या बाजूचं सील माझ्या हातावर ठेवलं. ओठाशी नख दाबलं तर खूणही उमटेना, इतकं ते रबर कडक झालं होतं. पुतलीबावलीहून नवं आणलं. त्याच्या ओठाला बोटाने ऑईल फिरवून, जुन्या बेअरिंगची रिंग वर ठेवून ठोकत ठोकत त्यांनी ते सरळ बसवलं. मग गाडी चालू झाली आणि चोक सोडल्यावरही चालू राहिली. पुढे बरीच वर्षं बाबा तिच्यावरून कचेरीत गेले.

माझा भाचा कॅनडात, ओंटारिओत असतो. बर्फावरची गाडी, स्नोमोबाईल, त्याने जुनी घेतली आणि मित्राच्या मदतीने तिचं इंजिन बदललं. जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी १९५९ साली क्विबेकमध्ये स्की-डू बाजारात आणली, त्या कुळातली ही गाडी. मी असली गाडी फक्त गुलमर्गला पाहिलेली. तिथं बर्फात तोच टू-स्ट्रोक ऑईलचा वास आला तेव्हा मला आमची गल्ली आठवली होती. भाच्याचा फोन आला, "मामा, दोरी ओढून ओढून खांदा गेला, चालूच होत नाही."

"प्लग काढ. ओला की कोरडा?"

"कोरडा."

"ठिणगी?"

"आहे."

मग पेट्रोल. चेतकमध्ये टाकी वर असते, पेट्रोल आपोआप खाली येतं. याच्या गाडीत त्यासाठी पंप होता आणि तो विजेवर चालत नव्हता. क्रँककेसमधून एक बारीक रबरी नळी पंपाकडे जाते. पिस्टन वरखाली झाला की क्रँककेसमधला दाब बदलतो, त्या धडधडीने पंपाचा पडदा हलतो आणि पेट्रोल पुढे सरकतं. मी त्याला ती नळी काढून वाकवून बघायला सांगितली. टोकाशी चीर होती. जुन्या इंजिनाची नळी नव्या इंजिनाला तशीच लावली होती. नळी बदलल्यावर त्याने फोन इंजिनाजवळ धरला. मलकपेठेत, चैत्राच्या उन्हात, मी ते ऐकलं आणि डोळे भरून आले. उस्ताद तोवर गेले होते.

टू-स्ट्रोक शहरातून गेलं याचं मला दुःख नाही. त्यात थोडं मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. चादरघाटच्या सिग्नलला तो धूर आम्ही बरीच वर्षं खाल्ला आहे. पुढे त्या चेतकचं उत्पादन थांबलं, ते योग्यच झालं. २०२० साली त्याच नावाची विजेवरची स्कूटर विक्रीला आली, तीही चांगली आहे. पण उस्तादांसारखी माणसं एका पोराच्या हातात निकामी सील ठेवून यंत्र समजावून सांगत, ते शिकवणं मोलाचं होतं आणि ते अजून पूर्ण संपलेलं नाही. त्यांचा पुतण्या दुकान चालवतो. एका फळीवर चेतकची सीलं, पॅकिंगं, कार्ब्युरेटरचे जेट अजून आहेत. विचारलं तर तो हातातलं काम थांबवून दाखवतो.

तुमच्या जिन्याखाली अशी गाडी उभी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा अशा माणसाकडे न्या आणि बरोबर घरातल्या पोराला किंवा पोरीला घेऊन जा. इंजिन बदलायची वेळ आली तर विक्रेत्याकडून पावती घ्या आणि आरटीओत अर्ज करून नव्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढवून घ्या. बाबांनी तो मलकपेठच्या कचेरीत जाऊन चढवून घेतला होता. ती आरसी माझ्याकडे आहे.