'लोहारा' नीट दिसले, 'जिल्हा' का मोडला?

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याचे नाव संगणकाच्या पडद्यावर एका खिडकीत दाखवायचे, एवढेच काम घेऊ. पायथन या स्क्रिप्टिंग भाषेत ते चार-पाच ओळींत होते. खिडक्या बनवण्याची टीकिंटर ही लायब्ररी मागवायची, खिडकी तयार करायची, तीत लेबल ठेवून त्यावर मजकूर द्यायचा आणि खिडकी उघडी राहावी म्हणून शेवटची ओळ लिहायची. लेबलवर 'लोहारा, यवतमाळ' लिहिले तर लिनक्सवरही ते स्वच्छ उमटते. आता पुढे 'जिल्हा' हा शब्द जोडून पाहा. पहिली वेलांटी ज च्या आधी यायची ती त्याच्या नंतर येते, तिची कमान शेजारच्या ल वर झुकते, ल खाली पाय मोडल्याची रेघ लोंबते आणि 'हा' हे अक्षर वेगळे पडते. वाचणारा 'जलि' वाचून अडखळतो. पायथनला 'लोहारा' आणि 'जिल्हा' या दोन शब्दांची लांबी विचारली तर दोन्हींचे उत्तर सहाच येते. लोहारा म्हणजे ल, काना-मात्रा, ह, काना, र, काना. जिल्हा म्हणजे ज, वेलांटी, ल, हलन्त, ह, काना. साठवणुकीत दोन्ही सारखेच बिनचूक आहेत. फरक पडतो तो साठवलेल्या सहा चिन्हांमधून डोळ्यांना दिसणारी अक्षरे घडवताना, आणि माझ्या मते खिडकीत मराठी दाखवण्याचा सगळा प्रश्न या एकाच टप्प्यावर आहे.

युनिकोडने देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतला. त्यात मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवायचा असे ठरले: आधी व्यंजन, मग त्याला लागणारा स्वर. शोधायला, अकारविल्हे लावायला आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायला हा क्रम फार सोयीचा आहे. पण मग वेलांटी मागून पुढे आणणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, ष, ट आणि र यांचे एक जोडाक्षर करणे ही कामे दाखवणाऱ्याच्या अंगावर पडतात. फॉन्टमध्ये आकार असतात आणि ते कुठे बसवायचे याचे नियमही असतात. ते नियम वाचून अंमलात आणणारा मांडणीकार मात्र वेगळा लागतो. विंडोजमध्ये हे काम २००० च्या आवृत्तीपासून युनिस्क्राइब करू लागले, आणि त्याच आवृत्तीबरोबर र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल हा फॉन्ट घरोघरी पोचला. मॅकवर कोअर टेक्स्ट आहे. लिनक्सवर हार्फबझ आहे. जीटीके आणि क्यूट या दोन्ही मोठ्या खिडकी-संचांचे काम त्याच्यावर चालते. टीकिंटर ज्याच्यावर चालते ते टीके मात्र जॉन औस्टरहाउट यांनी टीसीएल भाषेसाठी रचलेला जुना संच आहे. लिनक्सवरची त्याची प्रचलित ८.६ आवृत्ती एक्सएफटी या थराला एकेक चिन्ह देते आणि तो थर फॉन्टमधला त्या त्या चिन्हाचा आकार ओळीने ठेवत जातो. नियम वाचणारा मध्ये कोणीच नसतो. 'लोहारा' तरला तो एवढ्यामुळेच, की त्यात जागा बदलणारे किंवा जोडले जाणारे काही नाही. 'यवतमाळ'चेही तेच.

यावर पहिला आक्षेप असतो की चांगला फॉन्ट बसवा, प्रश्न मिटेल. तो मिटत नाही. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही असे समजावे. अक्षरे दिसतात पण वेलांटी चुकीच्या जागी येते, तेव्हा फॉन्ट आहे आणि मांडणीकार नाही. कितीही फॉन्ट बदलले तरी 'जिल्हा' तसाच मोडलेला राहील. दुसरा आक्षेप असा की बहुतेक कार्यालयांत विंडोजच आहे आणि तिथे टीके नीट दिसते. दिसते, कारण तिथे टीके आपला मजकूर विंडोजच्या हवाली करते. पण अनेक शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत लिनक्स असते, सी-डॅकने तर बॉस नावाची स्वतःची लिनक्स काढली आहे, आणि विद्यार्थी ज्या आयडल नावाच्या खिडकीत पायथन शिकतो ती खिडकीच टीकिंटरमध्ये लिहिलेली आहे. म्हणजे मराठी मुलाने लिनक्सवर लिहिलेली पहिली मराठी ओळ त्याला मोडकी दिसते. आपली भाषाच संगणकाला जमत नाही असे त्याला वाटले तर त्याचा दोष नाही. ही समजूत पुढे वर्षानुवर्षे टिकते, आणि छोट्या कारखान्याच्या वजनकाट्यावरची खिडकीसुद्धा मग इंग्रजीत लिहिली जाते. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ती खिडकी वाचणारा माणूस मराठी वाचणारा असतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही.

जाणकार मंडळी तिसरा आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट याच टीकेच्या खिडकीत व्यवस्थित दिसतात, मग युनिकोडचा हट्ट कशाला? ते दिसतात कारण त्यांत आकार आधीच दिसण्याच्या क्रमाने टंकलेले असतात. अशा फॉन्टात टंकलेल्या फाइलमध्ये मराठी नसते. दुसऱ्याच चिन्हांच्या क्रमांकांवर बसवलेले आकार असतात. फॉन्ट काढून घेतला की मजकुराचा अर्थच जातो. अशा यादीत 'विदर्भ' शोधता येत नाही, नावे अकारविल्हे लागत नाहीत, दृष्टिहीन माणसाचे वाचक-सॉफ्टवेअर भलतेच वाचते. आज दिसते म्हणून ही वाट धरणे म्हणजे पुढे कोणाला तरी सगळा मजकूर पुन्हा रूपांतरित करायला लावणे होय. टीके सोडायचेच नसेल तर पिलो या लायब्ररीला रक्म या मांडणी-लायब्ररीची जोड देऊन मजकुराचे चित्र करायचे आणि ते लेबलवर लावायचे, असा एक मार्ग आहे. त्यात जोडाक्षरे बिनचूक येतात. फलकासारख्या मोठ्या मथळ्याला तो पुरेसा आहे. यादीला किंवा अर्जाला नाही, कारण चित्रातला मजकूर निवडता येत नाही, शोधता येत नाही, मोठ्याने वाचून घेता येत नाही. तिथे सरळ क्यूट किंवा जीटीके घ्यावे. क्यूट टीकेपेक्षा कित्येक पट जड आहे, हे खरे. पण त्यात नाना लिपी नीट मांडण्याची सोय आहे, आणि मराठीसाठी मी ते वजन उचलायला सांगेन.

साधन निवडण्याआधी तपासणीची ओळ मात्र विचारपूर्वक लिहायला हवी. गावाचे नाव एकटे घालून पाहिले तर काहीच कळत नाही, कारण मराठीत नाव एकटे राहत नाही. त्याला प्रत्यय लागतो, लोहाराचे 'लोहाऱ्यात' होते, आणि तिथे मराठीचा खास अर्धा र येतो. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदीवर तपासलेले सॉफ्टवेअरही नेमके इथे अडखळू शकते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर 'शेतकऱ्यांची' हा शब्द नसलेली सरकारी यादी सापडणे कठीण. म्हणून मी 'लोहाऱ्यातील शेतकऱ्यांची यादी, यवतमाळ जिल्हा, विदर्भ, महाराष्ट्र' अशी ओळ सुचवेन. वेलांटी, अर्धा र, रफार आणि तिहेरी जोडाक्षर यांपैकी काय बिघडले ते तिच्यात एका नजरेत दिसते. रकान्यात मावावे म्हणून मजकूर कापत असाल तर तेही हिच्यावरच पाहावे. 'जिल्हा'ची पहिली चार चिन्हे घेतली तर 'जिल्' उरते आणि अर्धे अक्षर लटकत राहते.

जोडाक्षरे जुळली तरी ल च्या वळणाचा प्रश्न उरतोच. ल आणि श यांची मराठी वळणे राज्य शासनाने ठरवून दिली आहेत. काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात, पण मजकूर मराठी आहे हे सांगितल्याखेरीज मराठी वळण बाहेर येत नाही. जीटीकेमध्ये त्या मजकुराला भाषेची खूण लावता येते. पिलोतही चित्र करताना भाषा सांगायची सोय आहे. टीकेच्या लेबलला फॉन्ट, रंग, रुंदी सांगता येते, भाषा सांगण्याचा पर्याय नाही. तिथे 'लोहारा'तला ल आपल्या वळणाचा हवा असेल, तर मुळातच मराठी वळणाने रेखलेला फॉन्ट शोधून बसवावा लागतो.